विलायती बागेतला भाद्रपद

२०२१ साली चेल्सी फ्लॉवर शो पहिल्यांदाच सप्टेंबरात भरला. लंडनच्या रॉयल हॉस्पिटलच्या मैदानावर १९१३ पासून भरणारं हे प्रदर्शन म्हणजे इंग्रज बागवेड्यांची पंढरी, आणि तिथली वारी मे महिन्यातच व्हायची. कोविडनं ती चार महिने पुढे ढकलली आणि प्रदर्शकांच्या तोंडचं पाणी पळालं. आयरिस, पिओनी, डेल्फिनियम ही मे महिन्यातली हुकमी पात्रं सप्टेंबरात केव्हाच रंगमंचावरून उतरलेली असतात. मग मंडप सजवायचा कशानं? लोक आत शिरले तेव्हा समोर डेलियाच्या राशी होत्या, अ‍ॅस्टरचे जांभळे झुबके होते, तुरे काढलेली गवतं होती. इंग्लंडच्या बागेला मे-जूननंतरही आयुष्य असतं, हे चेल्सीला शंभरएक वर्षांनी कळलं, अशी थट्टाही तेव्हा झाली.

वास्तविक ब्रिटिश माळ्याला ही अडचण पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. लंडन ५१.५ अंश उत्तरेला येतं. जूनमध्ये तिथला दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो. त्याच महिन्यात मुंबईचा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. तिथली मूळची झाडं या लांबलचक उजेडात भराभर फुलून घेतात आणि जुलै सरता सरता बी धरून मोकळी होतात. ऑगस्टमध्ये बाग हिरवी असते, पण तिच्यात रंग नसतो. आपल्याकडे नेमकं उलट. आषाढ-श्रावणाच्या पावसानं माती भिजते आणि भाद्रपद-आश्विनात रानापासून परसापर्यंत सगळं फुलून येतं.

म्हणूनच ब्रिटिश बागेतला हा रिकामा कोपरा भरून काढला तो उन्हाळ्यात पाऊस पडणाऱ्या मुलखांनी. मेक्सिकोचं पठार, हिमालयाचे उतार, चीन, जपान, दक्षिण आफ्रिकेचा पूर्व भाग. यांतल्या डेलिया, शेवंतीसारख्या झाडांना रात्र लांबू लागल्याची खूण लागते. गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली दिवसाच्या लांबीचं हे गणित मांडलं. माळ्यांना त्याचा अनुभव त्याआधी सव्वाशे वर्षं येत होता. कर्दळ आणि सोनटक्का यांची गोष्ट निराळी. त्यांच्या गड्ड्याला ऊब लागल्याशिवाय कोंब फुटत नाही. इंग्लंडात ती ऊब मे महिन्यात येते, खोड वर चढायला अख्खा उन्हाळा जातो आणि फूल दिसेपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो.

या पाहुण्यांच्या आधी जवळपास तयार असं एकच फूल होतं, आणि तेही अमेरिकेचंच. जॉन ट्रेडेस्कंट या राजमाळ्यानं सतराव्या शतकात, १६३३ च्या सुमारास, उत्तर अमेरिकेतला एक छोट्या फुलांचा अ‍ॅस्टर आपल्या बागेत वाढवला. पुढे त्याचे भाईबंद आले. १७५२ साली इंग्लंडनं दिनदर्शिका बदलली, अकरा दिवस गळाले आणि सेंट मायकेलचा सण, २९ सप्टेंबर, या फुलांच्या बहरात येऊन पडला. हा दिवस शेतखंड भरण्याचा आणि गडी-नोकर ठरवण्याचा. फुलाला नाव मिळालं मायकेलमस डेझी. मराठी वाचकानं एवढं ध्यानात ठेवावं की दादरच्या फूलबाजारात मिळणारा अ‍ॅस्टर तो हा नव्हे. आपला तो चीनकडचा, वेगळ्या जातीचा.

या गरीब फुलाला मोठेपण दिलं ते एका व्हिनेगरवाल्यानं. अर्नेस्ट बॅलर्ड यांचा माल्व्हर्न टेकड्यांच्या पायथ्याशी, कॉलवॉल गावात, व्हिनेगरचा कारखाना होता. जीव मात्र अ‍ॅस्टरमध्ये. १९०६ मध्ये त्यांनी ओल्ड कोर्ट नर्सरी काढली आणि वर्षभरातच त्यांच्या ‘ब्यूटी ऑफ कॉलवॉल’ला मानाचं प्रशस्तिपत्र मिळालं. १९५२ मध्ये ते वारले तोवर दुहेरी पाकळ्यांचे, गुलाबी, निळे, किरमिजी असे कितीतरी प्रकार त्यांनी तयार केले होते. नर्सरी पुढे पिक्टन कुटुंबाकडे गेली आणि आजही त्यांच्याकडेच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी मधल्या काळात या अ‍ॅस्टरांची रवानगी सिम्फिओट्रिकम नावाच्या घराण्यात केली. गिऱ्हाईक अजून अ‍ॅस्टरच मागतं.

डेलियाचा इतिहास याहून रंगेल. मेक्सिकोहून बिया आल्या त्या १७८९ मध्ये माद्रिदच्या राजोद्यानात. तिथल्या काव्हानियेस या पाद्री-वनस्पतिशास्त्रज्ञानं १७९१ मध्ये अँडर्स डाल या स्वीडिश माणसाचं नाव फुलाला दिलं. डाल तोवर वारला होता. त्यानं हे फूल पाहिल्याचा पुरावा नाही. ब्रिटनमध्ये डेलिया टिकला तो लेडी हॉलंडमुळे. लंडनच्या राजकारणात आणि चर्चेतही कायम असलेल्या या बाईंनी १८०४ मध्ये माद्रिदहून बिया पाठवल्या, आणि केन्सिंग्टनच्या हॉलंड हाउसमध्ये त्या रुजल्या. त्यानंतर तीस वर्षांत वेड लागलं म्हणतात ते लागलं. नव्या रंगाच्या एकेका कंदाला भारी मोल येऊ लागलं, गावोगाव स्पर्धा भरू लागल्या. १८३८ मध्ये डेलियाच्या लागवडीवर एक पुस्तक निघालं. त्याचा लेखक जोसेफ पॅक्स्टन हा चॅट्सवर्थचा मुख्य माळी. याच माणसानं पुढे १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी काचेचा क्रिस्टल पॅलेस उभारला. १८८१ मध्ये नॅशनल डेलिया सोसायटी स्थापन झाली, आणि डेलिया इस्टेटीवरून उतरून कामगारांच्या भाड्याच्या वाफ्यात गेला.

हे वाफे म्हणजे अलॉटमेंट. नगरपालिकेनं वर्षाच्या भाड्यानं दिलेला जमिनीचा पट्टा, त्यात बटाटे, कांदे, शेंगा आणि कडेला डेलियाची रांग. तिथल्या माणसाचं वर्षाचं वेळापत्रक डेलियाभोवती फिरतं. एप्रिलमध्ये कंद उबेला ठेवून कोंब काढायचे, थंडी सरली की मे अखेरीस लावायचे, जाड काठीला तीन ठिकाणी सुतळीनं बांधायचं. काठीच्या टोकावर एक मातीची कुंडी उपडी, आत गवत कोंबलेलं. पाकळ्या कुरतडणारा चिमटेदार शेपटीचा किडा, इअरविग, दिवसा अंधार शोधत त्या गवतात शिरतो आणि सकाळी कुंडी झटकली की हाती लागतो. बाजारात हजार औषधं आली तरी ही कुंडी गेलेली नाही. नोव्हेंबरमध्ये पहिलं दंव गोठतं आणि कालपर्यंत डौलात असलेलं झाड एका रात्रीत काळं ठिक्कर पडतं. मग वीतभर खोड ठेवून वरचं कापायचं, काट्यानं कंद उकरायचा, पोकळ देठातलं पाणी निथळावं म्हणून आठवडाभर उलटा टांगायचा आणि कोरड्या मातीत किंवा भुश्शात घालून शेडमध्ये ठेवायचा.

हे झालं मेक्सिकोचं. हिंदुस्थानातून जे गेलं त्यात मराठी वाचकाचं जास्त गणगोत आहे, आणि त्या कथेचा एक धागा थेट मराठी छापील अक्षराला जोडलेला आहे.

विल्यम केरी. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या एका खेड्यातला चांभारकाम करणारा पोरगा, पुढे मिशनरी होऊन १७९३ मध्ये बंगालात आला आणि १८०० पासून डेन लोकांच्या श्रीरामपुरात राहिला. फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवी. १८०५ मध्ये त्यानं मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये मोडी लिपीत मराठी-इंग्रजी कोश. पंडित वैजनाथ शर्मा त्याच्या हाताशी होते. मराठीच्या इतिहासात केरीचं नाव एवढ्याचसाठी येतं. पण पहाटे उठून हा माणूस आधी जात असे तो आपल्या बागेत. श्रीरामपुरात त्यानं पाच एकरांवर शेकडो जाती लावल्या होत्या. कलकत्त्याच्या कंपनी बागेच्या रॉक्सबर्गची ‘फ्लोरा इंडिका’ त्याच्याच देखरेखीखाली छापली गेली, आणि रॉक्सबर्गनं एका झाडाला त्याचं नाव दिलं: केरिया आर्बोरिया. सह्याद्रीतला कुंभा तो हाच.

केरीचा एक पत्रमित्र लिव्हरपुलात होता. विल्यम रॉस्को: वकील, बँकर, फ्लॉरेन्सच्या मेडिची घराण्याचा इतिहासकार. ज्या शहराची श्रीमंती गुलामांच्या व्यापारावर उभी होती, त्याच शहराचा खासदार म्हणून १८०७ मध्ये त्यानं तो व्यापार बंद करण्याच्या बाजूनं मत दिलं. परत गावी आल्यावर जमावानं त्याचं स्वागत कसं केलं असेल हे सांगायला नको. १८०२-०३ मध्ये लिव्हरपूलची वनस्पती बाग उभी राहिली ती त्याच्याच पुढाकारानं. त्याचा जीव जडला होता आल्याच्या कुळावर: आलं, हळद, कचोरा, सोनटक्का, कर्दळ असा सगळा गोतावळा. ही झाडं ओळखायला कठीण, कारण फूल एका दिवसात कोमेजतं आणि दाबून वाळवलं की त्याचा लगदा होतो. वाळक्या नमुन्यांवरून शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडत. जिवंत झाड डोळ्यांसमोर फुललं पाहिजे, हा रॉस्कोचा हट्ट. श्रीरामपूरहून केरी, कलकत्त्याच्या कंपनी बागेतून रॉक्सबर्ग आणि पुढे नॅथॅनियल वॉलिक असे सगळे त्याला बिया आणि गड्डे पाठवत राहिले. लिव्हरपूलचा माळी जॉन शेपर्ड ते काचघरात वाढवी.

१८१६ मध्ये रॉस्कोच्या बँकेवर धाव आली, पुढे त्याचं दिवाळं निघालं, ग्रंथसंग्रह लिलावात गेला. तरी १८२४ ते १८२८ या काळात त्यानं आल्याच्या कुळावरचा ग्रंथ पुरा केला. ११२ रंगीत चित्रं, प्रती फक्त १५०. आज तो ग्रंथ लिलावात निघाला तर बंगल्याइतकी नाही, पण चांगल्या मोटारीची किंमत सहज घेतो. हिमालयातल्या एका जांभळ्या आल्याला १८०६ मध्येच त्याचं नाव मिळालं होतं: रॉस्कोइया. ते झाड आज ब्रिटनच्या सावलीच्या वाफ्यांत जुलै-ऑगस्टला फुलतं आणि तिथली कडाक्याची थंडीही सोसतं.

सोनटक्क्याच्या कुळातलं सर्वांत दिमाखदार झाड त्याच सुमाराचं. १८२०-२१ मध्ये वॉलिक नेपाळात गेला तेव्हा काठमांडूचा ब्रिटिश रेसिडेंट एडवर्ड गार्डनर यानं त्याला हवी ती मदत केली. हातभर लांब कणसासारखा पिवळाधमक फुलोरा, त्यातून बाहेर डोकावणारे लाल पुंकेसर आणि संध्याकाळी दाटणारा वास. या झाडाला रेसिडेंटचं नाव देऊन वॉलिकनं उपकार फेडले. हेडिकियम गार्डनेरियानम. इंग्लंडात ते सुरुवातीची शंभर-सव्वाशे वर्षं काचघरातच होतं. आपला पांढरा सोनटक्का अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे पोचला होता, पण तोही काचेआड. उघड्या वाफ्यात हे कूळ तगतं हा विश्वास फार उशिरा आला. फ्रँक किंग्डन-वॉर्डनं १९३८ मध्ये आसामातून आणलेला नारिंगी प्रकार, ‘आसाम ऑरेंज’, डोंगराच्या उंचावरचा असल्यानं थंडीला दाद देत नाही. पुढे लंडनच्या क्यू उद्यानाच्या वेकहर्स्ट बागेतल्या टोनी शिलिंग यांनी नेपाळातून बिया आणल्या. त्यातून निवडलेल्या एका तगड्या केशरी झाडाला त्यांनी लेकीचं नाव दिलं, ‘तारा’. आज ब्रिटनमधल्या नर्सऱ्यांच्या यादीत ‘तारा’ नाही असं सहसा होत नाही.

या सगळ्या पाठवणीत नावं उरली ती साहेबांची. शिबपूरच्या त्याच कंपनी बागेत रोपं काढणारे, ओल्या शेवाळात गुंडाळणारे, जहाजावर चढवणारे माळी आणि पानापानाची शीर रंगवणारे हिंदी चित्रकार यांच्यापैकी फार थोडे नावानिशी ठाऊक आहेत. बागेच्या इतिहासातलं हे जुनं कर्ज आहे आणि त्याचं व्याज अजून वाढतंच आहे.

आता कर्दळ. ही मुळात अमेरिकेची, पण सोळाव्या शतकापासून जगभर फिरून आपल्याकडे इतकी मुरली की पाहुणी वाटत नाही. ब्रिटनमध्ये तिला रस्त्यावर आणलं जॉन गिब्सन नावाच्या माळ्यानं. (मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याचा पहिला प्रमुख, दापोडीच्या बागेचा अलेक्झांडर गिब्सन, तो वेगळा.) १८३५ मध्ये डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकनं या तरुण गिब्सनला चॅट्सवर्थहून कलकत्त्याला धाडलं. ब्रह्मदेशातल्या अ‍ॅम्हर्स्टिया या अप्रतिम फुलझाडाचं रोप आणायचं, हा हुकूम. गिब्सननं वॉलिककडून ते मिळवलं, खासी टेकड्यांतून ऑर्किडची लूट केली आणि १८३७ मध्ये सगळं वॉर्डच्या काचपेट्यांत घालून परत आला. या बंद काचपेट्या तेव्हा नव्या होत्या. समुद्राचं खारं वारं त्यांच्यामुळेच रोपांना लागत नसे. अ‍ॅम्हर्स्टियासाठी ड्यूकनं खास काचघर बांधलं, पण त्या झाडानं तिथे फुलण्याचं नाव घेतलं नाही. इंग्लंडातलं पहिलं फूल १८४९ मध्ये ईलिंगच्या लुईझा लॉरेन्स बाईंच्या काचघरात उमललं. ड्यूकची काय स्थिती झाली असेल!

पुढे गिब्सन लंडनच्या बॅटरसी पार्कचा अधीक्षक झाला. १८६४ मध्ये त्यानं तिथे उष्ण कटिबंधातली बाग मांडली: केळी, नेचे, आणि मध्ये कर्दळींचे गर्द थवे. झाडं हिवाळाभर काचघरात, जूनमध्ये बाहेर. वाफे जमिनीपासून उंच, खाली विटांच्या तुकड्यांचा थर, म्हणजे पाणी साचायला नको आणि मुळांना ऊब. ऑगस्टमध्ये थेम्सकाठच्या कारखान्यांतला मजूर रविवारी बायकापोरांसह केळीच्या पानांखाली फिरू लागला. कलकत्ता न पाहिलेल्या लंडनकराला कलकत्त्याची चव देणारी ती बाग होती. तिच्यावर विल्यम रॉबिन्सननं १८७१ मध्ये पुस्तक लिहिलं. हा तोच रॉबिन्सन, जो रंगीत फुलांच्या भौमितिक वाफ्यांवर आयुष्यभर दात खाऊन होता. त्याला या बागेत पानांचा डौल आवडला. पण कोळशावर तापणारी काचघरं महाग पडू लागली आणि विसाव्या शतकात दोन महायुद्धांनी ही चैन मोडीत काढली.

शेवंतीनंही तसाच प्रवास केला, फक्त चीनहून. १७९५ च्या नोव्हेंबरात चेल्सीच्या कॉल्व्हिल नर्सरीत ती पहिल्यांदा फुलली. १८४६ मध्ये लंडनजवळच्या स्टोक न्यूइंग्टनला शेवंतीप्रेमींची मंडळी स्थापन झाली, तिचीच पुढे राष्ट्रीय संस्था बनली. इनर टेंपल या वकिलांच्या वस्तीचा माळी सॅम्युएल ब्रूम यानं लंडनच्या काजळीत आणि धुक्यात शेवंती फुलवून दाखवली. ती बघायला ऐन नोव्हेंबरात लोकांची रीघ लागायची. दुसऱ्या महायुद्धात फुलांच्या काचघरांत टोमॅटो लावावे लागले आणि बरेच जुने प्रकार कायमचे गेले. रॉबर्ट फॉर्च्यून यानं १८४४ मध्ये शांघायच्या कबरींमधून पाठवलेली जपानी अ‍ॅनिमोनी, लेडी अ‍ॅम्हर्स्टनं हिमालयातून नेलेली तिची पांढरी बहीण, आणि चिझिकच्या बागेत झालेला दोघींचा संकर, हे सगळंही याच मालिकेतलं. आज इंग्लंडातल्या जुन्या चर्चच्या भिंतीला लागून सप्टेंबरात गुलाबी-पांढरं काही डोलताना दिसलं तर ते बहुधा तेच.

एक पाहुणा मात्र घर बळकावून बसला. तेरडा.

आपला रंगीत तेरडा, इंपेशन्स बाल्समिना, सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात पोचला आणि गुमान कुंडीत राहिला. त्याचा हिमालयातला दांडगा भाऊ, इंपेशन्स ग्लांड्युलिफेरा, १८३९ मध्ये क्यूला गेला. नेणारा जॉन फोर्ब्ज रॉयल. सहारनपूरच्या सरकारी बागेचा जुना अधीक्षक, नंतर लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक. पुरुषभर उंच, गुलाबी शिरस्त्राणासारखी फुलं, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत अखंड बहर आणि लागवडीला काडीचा त्रास नाही. गरीब माणसाचं ऑर्किड म्हणून लोकांनी ते डोक्यावर घेतलं. वीसएक वर्षांतच ते कुंपणाबाहेर पडलं.

मग नदीनं त्याचं ऐकलं. तेरड्याची पिकली शेंग बोटानं नुसती टेकली तरी फट्कन फुटते, पाच पाकळ्या गुंडाळून घेते आणि बिया उडवते. कोकणातल्या कुठल्याही पोराला हा खेळ ठाऊक आहे. या हिमालयी शेंगेचा मारा सात मीटरपर्यंत जातो आणि एका झाडाला आठशेपर्यंत बिया धरतात. काठावरच्या निम्म्या पाण्यात पडतात आणि वाहत्या पाण्याबरोबर पुढच्या गावी पोचतात. आज ब्रिटनमधल्या नद्यांचे मैलच्या मैल काठ ऑगस्ट-सप्टेंबरात या तेरड्यानं गुलाबी होतात. दिसायला देखणं, पण त्याच्या सावलीत काठचं मूळचं गवत मरतं. थंडीत तेरडाही मरतो, काठ उघडा पडतो आणि हिवाळी पुरात माती वाहून जाते. मधमाश्यांना मात्र तो फार आवडतो. ऐन टंचाईच्या दिवसांत त्या त्यात शिरतात आणि पाठीवर पांढरा पराग माखून, भुतासारख्या पोळ्यावर परततात. त्यामुळे मधपाळ आणि निसर्गप्रेमी यांच्यात या झाडावरून एकमत नाही. २०१० पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये तो रानात लावणं किंवा पसरवणं कायद्यानं गुन्हा आहे. गावोगावचे स्वयंसेवक जून-जुलैत, शेंगा धरण्याआधी, रविवारी जमून तो उपटतात. मूळ इतकं उथळ की एका हातानं निघतं. २०१४ मध्ये तर हिमालयातल्याच तेरड्यावर पडणारी तांबेऱ्याची बुरशी मुद्दाम आणून सोडण्यात आली. पण निरनिराळ्या नद्यांवरचा तेरडा निरनिराळ्या वाणाचा निघाला आणि बुरशी सगळीकडे सारखी लागू पडली नाही.

कोकणात त्याच भाद्रपदात तेरड्याची रोपं मुळासकट उपटून वाजतगाजत घरी आणतात आणि गौर म्हणून पुजतात. उपटणं दोन्हीकडे आहे.

डेलिया, कर्दळ अशा या झाडांना मधल्या काळात एक विचित्र शिक्षा भोगावी लागली. सुशिक्षित इंग्रजांच्या नजरेतून ती उतरली. बागरचनाकार गर्ट्रूड जेकिल यांच्यापर्यंत हा सोवळेपणा नव्हता. सरी परगण्यातल्या मन्स्टेड वुडच्या बागेत त्यांचा दोनशे फुटी वाफा ऐन ऑगस्टमध्ये पेटलेला असे आणि त्यात डेलिया-कर्दळींना मानाची जागा होती. फुलून गेलेल्या डेल्फिनियमचे दांडे तसेच ठेवून त्यावर वाटाण्याची वेल चढवायची, ती ओसरली की क्लेमॅटिस, म्हणजे एकाच खड्ड्यावर तीन बहर, ही त्यांची युक्ती १९०८ च्या त्यांच्या पुस्तकात आहे. पण १९५० नंतर रुचीचा काटा फिकट रंगांकडे झुकला. पांढरं, रुपेरी, निळसर म्हणजे अभिरुची; भडक लाल-केशरी म्हणजे अलॉटमेंटवाल्यांचा गावंढळपणा. फुलांच्या रंगावर माणसाची पायरी ठरवायची ही खास इंग्रजी कला आहे. त्यातून वाचला एक डेलिया. कार्डिफच्या फ्रेड ट्रेसेडर या नर्सरीवाल्यानं काढलेला, काळपट पानांचा आणि रक्तासारख्या लाल फुलांचा. १९२४ मध्ये तिथल्या बिशप जोशुआ प्रिचर्ड ह्यूज यांचं नाव त्याला मिळालं, ‘बिशप ऑफ लँडाफ’. धर्मगुरूच्या नावामुळे म्हणा की पानांच्या रंगामुळे, सोवळ्या बागांतही त्याला प्रवेश होता.

बांध फुटला तो १९९३ मध्ये, ईस्ट ससेक्सच्या ग्रेट डिक्स्टरला. या जुन्या घराच्या बागेत एडविन लट्यन्सनं, म्हणजे नवी दिल्लीच्याच वास्तुकारानं, आखलेला गुलाबांचा चौक होता. घराचे मालक ख्रिस्टोफर लॉइड हे ‘कंट्री लाइफ’ साप्ताहिकात १९६३ पासून दर आठवड्याला बागेवर लिहीत. जमीन गुलाबांना विटली होती आणि लॉइडही. सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थानं फर्गस गॅरेट या तरुण मुख्य माळ्याला हाताशी धरून गुलाब मुळापासून उपटले आणि तिथे केळी, कर्दळ आणि डेलिया लावले. जुन्या वाचकांनी कपाळाला हात लावला. पाच-सात वर्षांत तेच वाचक सप्टेंबरात तिकीट काढून तो चौक बघायला येऊ लागले, आणि नर्सऱ्यांत डेलियाचे कंद पुन्हा संपू लागले. लॉइड २००६ मध्ये वारले; तो चौक आजही आहे.

हवामानानंही हात दिला आहे, तो बरा की वाईट हे ज्यानं त्यानं ठरवावं. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्स्बीला ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. ब्रिटननं चाळिशी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. दक्षिणेकडच्या बऱ्याच बागांत आता डेलियाचे कंद उकरत नाहीत, वर पालापाचोळ्याचा जाड थर देऊन तिथेच ठेवतात. सोनटक्काही भिंतीच्या आडोशानं हिवाळा काढतो.

लेका-सुनेकडे लंडनला किंवा बर्मिंगहॅमला जायचं असेल तर तिकीट जूनऐवजी सप्टेंबरचं काढावं; ग्रेट डिक्स्टर आणि कॉलवॉलची पिक्टन बाग दोन्ही तेव्हा ऐन भरात असतात. मात्र परसातला सोनटक्क्याचा गड्डा किंवा तेरड्याच्या बियांची पुडी बॅगेत घालू नका. रोगमुक्तीच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय ब्रिटनमध्ये रोपं, कंद आणि लावायच्या बिया नेता येत नाहीत, विमानतळावर त्या काढून घेतात. सोनटक्का तिथल्या नर्सरीत विकत मिळतो. तेरडा नदीवर फुकट आहे, पण तो घरी आणू नये.